तिसऱ्या पानावर नाव रिकामं का येतं

तुमचा प्रश्न मला असा समजला. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वसतिगृह प्रवेशाचा अर्ज पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत करताय. पहिल्या पानावर नाव, गाव, तालुका. दुसऱ्यावर गुण आणि दाखल्यांचे क्रमांक. तिसऱ्यावर भरलेलं सगळं एकदा दाखवून 'अर्ज दाखल करा' हे बटण. पहिल्या पानावर भरलेलं नाव दुसऱ्यावर दिसतं, तिसऱ्यावर मात्र रिकामं येतं. व्हेरिएबलला (कोडमध्ये माहिती ज्या नावाखाली ठेवतो त्याला) ग्लोबल लावून पाहिलं, तरी तेच. आणि शेवटी विचारलंय की माहिती एका पानावरून दुसऱ्यावर न्यायला गेट, पोस्ट, कुकी, सेशन यांतलं चांगलं कोणतं.

मी २००३ पासून पीएचपीत काम करते आणि त्यातली बरीच वर्षं अशाच अनेक पानी अर्जांवर गेली आहेत: शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, पतसंस्थांचे कर्जअर्ज. 'चांगलं कोणतं' याला एका शब्दाचं उत्तर नाही. पण कोणत्या व्हेरिएबलसाठी काय वापरायचं, हे ठरवायची एक पद्धत मला सापडली आहे आणि ती तुमच्या अर्जाला तंतोतंत लागू पडते. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. कोडमध्ये ती नेहमीसारखी रोमनमध्ये, अंडरस्कोर घालून लिहा.

आधी ग्लोबलचं बघू. पीएचपीतला ग्लोबल म्हणजे 'सगळ्या पानांसाठी' असा त्याचा अर्थ नाही. फंक्शनच्या बाहेरचं व्हेरिएबल फंक्शनच्या आत वापरू द्या, एवढंच तो सांगतो, आणि तेही स्क्रिप्ट चालू आहे तोवरच. ब्राउझरने पान मागितलं की पीएचपीची स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून सुरू होते, एचटीएमएल तयार करून पाठवते आणि संपते. संपली की तिची सगळी व्हेरिएबल्स मेमरीतून पुसली जातात. दुसरं पान मागितलं की नवी स्क्रिप्ट कोऱ्या पाटीने सुरू होते. तिला पहिल्या पानाची आठवण असायचं कारणच नाही, कारण ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचा एचटीटीपी हा नियमच मुळात असा आखलेला आहे की प्रत्येक विनंती स्वतंत्र.

गोंधळ कुठून होतो, तेही सांगते, कारण मी अनेक विद्यार्थ्यांचा तो होताना पाहिला आहे. तुम्ही हेडरची फाइल इन्क्लूड करता आणि तिच्यातली व्हेरिएबल्स मुख्य पानात सहज मिळतात. मग वाटतं की एका फाइलीतलं दुसऱ्या फाइलीत जातंच. पण इन्क्लूड केलेली फाइल ही त्याच चालू स्क्रिप्टचा भाग होते. दोन फाइली आणि दोन विनंत्या या वेगळ्या गोष्टी आहेत. एका विनंतीत दहा फाइली असल्या तरी व्हेरिएबल्स सगळ्यांना मिळतील. दोन विनंत्यांमध्ये फाइल एकच असली तरी मिळणार नाहीत.

दुसरं कारण म्हणजे जुन्या नोट्स. फॉर्ममधल्या रकान्याचं नाव 'नाव' असेल तर पुढच्या पानावर डॉलर नाव असं व्हेरिएबल (पीएचपीत व्हेरिएबलच्या आधी डॉलरचं चिन्ह असतं) आपोआप तयार मिळेल, असं त्यांत लिहिलेलं असतं. एके काळी ते खरं होतं. रजिस्टर ग्लोबल्स नावाची सोय होती ती. पण ब्राउझरमधल्या पानाच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये, काहीही टाइप करून कोणीही तुमच्या स्क्रिप्टमध्ये हवं ते व्हेरिएबल घुसवू शकत होता, म्हणून २००२ मध्ये पीएचपी ४.२ पासून ती मुळात बंद ठेवली गेली आणि २०१२ मध्ये ५.४ मधून काढूनच टाकली. तुमच्या नोट्स तशा असतील तर त्या बाजूला ठेवा.

आता तुमचं नाव तिसऱ्या पानावर का येत नाही, हे सरळ आहे. पहिल्या पानाचा फॉर्म सबमिट झाला, त्यातले रकाने दुसऱ्या पानाला पोस्टमध्ये, म्हणजे पत्त्यात न दिसता विनंतीच्या आतून, मिळाले. दुसऱ्या पानाचा फॉर्म सबमिट झाला, त्यातले रकाने तिसऱ्याला मिळाले. दुसऱ्या पानाच्या फॉर्ममध्ये 'नाव' हा रकानाच नाही, मग तिसऱ्याला तो कुठून मिळणार? पोस्ट एकाच उडीचा असतो.

इथे बहुतेक जण 'सेशनमध्ये टाक' असं सांगून मोकळे होतात. तसं केलंत तर तुमचा प्रोजेक्ट चालेल, परीक्षकांसमोर नाव दिसेल, गुणही मिळतील. पण ते उत्तर अपुरं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे मला एका अर्जाने शिकवलं.

त्याआधी सेशन म्हणजे नेमकं काय ते बघू. देवळाबाहेर चपला ठेवायच्या स्टँडवर आपल्याला नंबरचा बिल्ला मिळतो. चपला त्यांच्याकडे राहतात, आपल्या हातात फक्त बिल्ला. सेशन स्टार्ट म्हटलं की पीएचपी असाच एक लांबलचक, अंदाज न करता येणारा क्रमांक तयार करतं आणि ब्राउझरला कुकी म्हणून देतं. कुकीचं मूळ नाव पीएचपीसेसआयडी. माहिती सर्व्हरवरच्या एका फाइलीत राहते. पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर बिल्ला दाखवतो, सर्व्हर ती फाइल उघडून डॉलर अंडरस्कोर सेशन हा ॲरे (नावं आणि त्यांच्या व्हॅल्यूंची यादी) भरून देतो. कुकी ही कल्पना १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मोंटुली यांनी आणली ती याच विसराळूपणावर तोडगा म्हणून.

ती फाइल एकदा उघडून पाहाच. झॅम्प (स्वतःच्या कॉम्प्युटरवर पीएचपी चालवायचं पॅकेज) वापरत असाल तर त्याच्या टेंप फोल्डरमध्ये 'सेस' आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फाइली दिसतील. नाव म्हणून 'सावित्री' भरलं असेल तर आत असं काहीसं सापडेल: नाव, उभी रेघ, एस, अपूर्णविराम, २४, अपूर्णविराम, आणि अवतरणात सावित्री. एस म्हणजे स्ट्रिंग आणि २४ म्हणजे बाइट. डोळ्यांना तीन-चार अक्षरं दिसतात, पण स, काना, व, वेलांटी, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशा आठ खुणा आहेत आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीमध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. ही फाइल मी शिकणाऱ्या प्रत्येकाला उघडायला लावते. सेशन म्हणजे जादू नाही, सर्व्हरवरची एक साधी फाइल आहे, हे डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या अर्ध्या अडचणी आपोआप समजतात.

आता तो अर्ज. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी शिष्यवृत्तीचा चार पानी अर्ज केला होता. प्रत्येक पानावरची माहिती सेशनमध्ये साठवायची आणि शेवटच्या पानावर एकदम डेटाबेसमध्ये लिहायची. आमच्या ऑफिसात सगळं नीट चाललं. खरा वापर सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तक्रारी आल्या: एका मुलीच्या नावापुढे दुसऱ्याच मुलाचे गुण. मी दोन दिवस डेटाबेस तपासत बसले. मग ज्या ई-सेवा केंद्रातून ते अर्ज भरले गेले होते तिथे जाऊन चालकाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. समोर बाकावर पाच-सहा पालक, हातात कागदांच्या पिशव्या. चालकाने पहिल्या मुलीचं नाव-गाव भरलं. उत्पन्नाचा दाखला घरीच राहिला होता, म्हणून तिचा भाऊ आणायला गेला. रांग थांबवायची कशी? त्याने दुसरा टॅब उघडला आणि पुढच्या मुलाचा अर्ज सुरू केला. भाऊ दाखला घेऊन आल्यावर तो पहिल्या टॅबवर परत गेला आणि 'पुढे' दाबलं.

तिथे मला चूक दिसली. टॅब दोन, पण ब्राउझर एक, म्हणजे बिल्ला एक, म्हणजे सर्व्हरवरची फाइलही एकच. दुसऱ्या टॅबने पहिल्याची माहिती पुसून आपली लिहिली होती. चालकाचं काहीच चुकलं नव्हतं. रांगेतल्या माणसांचा वेळ वाचवायला कोणीही तेच करेल. चूक माझ्या गृहीतकात होती: एक ब्राउझर म्हणजे एक माणूस आणि एक माणूस म्हणजे एक अर्ज. आपल्याकडे ते गृहीतक टिकत नाही. एका मोबाइलवर घरातली तीन भावंडं अर्ज भरतात, एका केंद्रावर अख्खा गाव.

तेव्हापासून मी 'कसं पाठवू' हा प्रश्न दुसरा धरते. पहिला प्रश्न: हे व्हेरिएबल कोणाचं आहे? आणि त्याला जोडून: ते समोरच्याने बदललं तर चालेल का?

काही व्हेरिएबल्स पत्त्याची असतात. कोणतं पान बघायचंय, कोणता तालुका निवडलाय, यादीचं तिसरं पान की चौथं. ती लिंकमध्येच, म्हणजे गेटने जायला हवीत, कारण ती लिंक कोणाला पाठवली तर त्यालाही तेच दिसलं पाहिजे. बदलली तर बिघडत नाही. दुसरा तालुका दिसेल, इतकंच. मात्र व्हॅल्यू पत्त्यात घालताना ती यूआरएल एन्कोड करून, म्हणजे खास चिन्हं सांकेतिक रूपात बदलून घाला, आणि अनेक असतील तर एचटीटीपी बिल्ड क्वेरी हे फंक्शन वापरा. न केल्यास काय होतं? संस्थेचं नाव 'पाटील & सन्स' असेल तर पुढच्या पानाला फक्त 'पाटील' मिळेल, कारण & हे चिन्ह पत्त्यात पुढचं व्हेरिएबल सुरू झाल्याची खूण आहे. आणि देवनागरी पत्त्यात फार फुगते. प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणजे 'सावित्री' या एका नावाची ७२. अपाची सर्व्हर विनंतीची पहिली ओळ मुळात ८,१९० बाइटपर्यंतच स्वीकारतो. अर्जाचा सगळा मजकूर पत्त्यातून ढकलत नेणाऱ्यांना ही भिंत मराठीत इंग्रजीपेक्षा खूप लवकर लागते.

गेटमध्ये आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, जातीच्या दाखल्याचा क्रमांक कधीही घालू नका. पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो, आणि केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर पुढच्या माणसाला टाइप करताना आपोआप दिसतो. तसंच काही पुसणारं किंवा बदलणारं काम साध्या लिंकवर ठेवू नका. २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचं साधन काढलं होतं. पान लवकर उघडावं म्हणून ते लिंका आधीच मागून ठेवायचं. ज्या साइटवर 'डिलीट' ही नुसती लिंक होती, तिथला लोकांचा डेटा कोणी क्लिक न करता गेला.

काही व्हेरिएबल्स माणसाची असतात. लॉगिन कोणी केलंय, तो विद्यार्थी आहे की वॉर्डन, त्याला मराठी पान हवंय की इंग्रजी. सेशन यांच्यासाठी आहे. ती प्रत्येक टॅबमध्ये सारखीच असायला हवीत, आणि समोरच्याला ती बदलता येता कामा नयेत. लॉगिन यशस्वी झाल्याबरोबर सेशन रिजनरेट आयडी हे फंक्शन कंसात ट्रू देऊन बोलवा, म्हणजे बिल्ला बदलतो आणि जुनी फाइल पुसली जाते. आधीचा बिल्ला कोणाच्या हाती लागला असेल तर तो निरुपयोगी होतो. स्टँडवर चपला बिल्ला बघून देतात, तोंड बघून नाही, हे लक्षात ठेवा. भाषेची निवड महिनाभर टिकायला हवी असेल तर ती साध्या कुकीत ठेवली तरी चालेल; कुकीला चार किलोबाइटची मर्यादा आहे आणि ती ब्राउझरमध्ये कोणालाही वाचता-बदलता येते, म्हणून तिच्यात बिघडलं तरी चालेल असंच ठेवायचं.

आणि काही व्हेरिएबल्स अर्जाची असतात. तुमचं नाव, गाव, तालुका, गुण, दाखल्याचे क्रमांक. ही ब्राउझरची नाहीत, पत्त्याची नाहीत, लॉगिन केलेल्या माणसाचीही नाहीत, कारण तो माणूस एकाच वेळी दोन अर्ज भरत असू शकतो. त्यांची जागा डेटाबेसमध्ये आहे, पहिल्या पानापासूनच.

म्हणून तुमच्या अर्जासाठी मी असं करेन. पहिलं पान सबमिट झालं की माहिती तपासायची आणि अर्जांच्या टेबलमध्ये लगेच एक ओळ घालायची, स्थिती 'कच्चा'. त्या ओळीला एक टोकन द्यायचं: रँडम बाइट्स या फंक्शनने १६ बाइट घ्यायचे, बिन टू हेक्सने त्यांची ३२ अक्षरं करायची. दुसऱ्या पानाला, तिसऱ्या पानाला एवढं टोकनच न्यायचं, पत्त्यात किंवा हिडन फील्डमध्ये (फॉर्ममधल्या न दिसणाऱ्या रकान्यात). प्रत्येक पान टोकनवरून ओळ शोधतं, त्यात आपला भाग भरतं. तिसरं पान डेटाबेसमधून वाचून दाखवतं, आणि शेवटच्या बटणाने स्थिती 'कच्चा'वरून 'दाखल' होते. टॅब चार उघडा, टोकनं चार, ओळी चार. भाऊ दाखला आणायला गेला आणि दुसऱ्या दिवशी आला, तरी कालची ओळ जागच्या जागी आहे. दाखल न झालेल्या जुन्या ओळी महिन्यातून एकदा पुसायच्या.

मग सेशन नकोच का? हवं. लॉगिन असेल तर प्रत्येक पानावर हे तपासायचं की या टोकनाची ओळ या सेशनमधल्या माणसाचीच आहे का. हे तपासणं मी अनेक चांगल्या साइट्सवरही विसरलेलं पाहिलं आहे. पत्त्यात 'अर्ज=१०५७' असं दिसतं, माणूस सहज १०५८ करून बघतो आणि दुसऱ्याच मुलाचा दाखला समोर उघडतो. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे. टोकन लांबलचक असल्याने अंदाज करता येत नाही हे खरं, पण तो दुसरा अडसर. पहिला अडसर मालकी तपासणं हाच.

आता तुम्ही विचाराल की सगळी माहितीच हिडन फील्डमध्ये घालून पुढे नेली तर? पहिल्या पानाचे रकाने दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये लपवून, दोघांचे तिसऱ्यात लपवून. चालतं, टॅबचा घोळही होत नाही, आणि दोन पानांच्या छोट्या फॉर्मला मी अजूनही तसं करते. पण दोन गोष्टी सांभाळा.

एक म्हणजे अवतरणचिन्हं. आपल्याकडे राहत्या घराच्या पत्त्यात घराचं नाव अवतरणात लिहायची पद्धत आहे: मु. पो. अमुक, "मातृछाया", मारुती मंदिराजवळ. हा पत्ता तसाच हिडन फील्डच्या व्हॅल्यूमध्ये छापला की मातृछायाच्या आधीचं अवतरण हे व्हॅल्यूचा शेवट समजलं जातं आणि पुढच्या पानाला मिळतं फक्त 'मु. पो. अमुक,'. कुठेही एरर येत नाही, पत्ता निम्मा होतो. म्हणून पानावर छापताना प्रत्येक व्हॅल्यू एचटीएमएल स्पेशल कॅर्स या फंक्शनमधून काढायची. पीएचपी ८.१ पासून ते एकेरी आणि दुहेरी दोन्ही अवतरणं सांभाळतं. त्याआधीच्या आवृत्तीत एकेरीसाठी ईएनटी कोट्स हा पर्याय स्वतः द्यावा लागतो. हे कोणी मुद्दाम स्क्रिप्ट भरून पाठवली तर त्यापासूनही वाचवतं, पण मला ते आधी मातृछायेसाठी हवं असतं.

दुसरं, हिडन म्हणजे लपलेलं, कुलूप लावलेलं नव्हे. एका आंबा बागायतदाराच्या ऑर्डर पानावर आधीच्या कोणीतरी पेटीची किंमत हिडन फील्डमध्ये ठेवली होती आणि पुढचं पान तीच रक्कम खरी मानायचं. एका मोसमात पाच डझनाच्या पेटीची ऑर्डर १० रुपयांना आली. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून आकडा बदलायला अर्धं मिनिट पुरतं. किंमत, फी, सवलत, 'पात्र आहे की नाही' हे असलं काहीही ब्राउझरकडून परत घ्यायचं नाही. ब्राउझरने फक्त सांगावं की कोणती पेटी. किंमत सर्व्हरने स्वतःच्या टेबलमधून काढावी. तुमच्या अर्जात टक्केवारी असेल तर तीही गुणांवरून सर्व्हरवर पुन्हा काढा.

एवढ्यानंतर काही गोष्टी राहतात ज्यांत तुम्ही सेशन वापरलंत की पहिल्याच आठवड्यात अडकाल.

'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही सूचना. कुकी ही एचटीएमएलच्या आधी जाणाऱ्या हेडरमध्ये असते, म्हणून सेशन स्टार्टच्या आधी पानावर एक रिकामी जागासुद्धा छापली गेली तर ती पाठवता येत नाही. मराठीत काम करणाऱ्यांना यातला एक खास त्रास होतो. देवनागरी मजकूर आहे म्हणून फाइल नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडून सेव्ह करतात, आणि नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचे तीन न दिसणारे बाइट घालतात. पीएचपीच्या दृष्टीने तो छापायचा मजकूरच. तुम्ही पहिली ओळ शंभरदा तपासता, तिथे काहीच दिसत नाही. तुमच्या एडिटरमध्ये 'यूटीएफ-८, बीओएमशिवाय' असं निवडून फाइल पुन्हा सेव्ह करा. स्वतःच्या कॉम्प्युटरवर आउटपुट बफरिंग (छापलेलं लगेच न पाठवता थोडं रोखून धरणं) चालू असेल तर ही चूक तिथे लपून राहते आणि होस्टिंगवर चढवल्यावर उघडी पडते, म्हणून आधीच तपासा.

सेशन 'मधूनच जातं' ही तक्रार. मूळ सेटिंगमध्ये १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं हात न लागलेली सेशन फाइल कचरा मानली जाते. सफाई मात्र प्रत्येक विनंतीला होत नाही, चिठ्ठी टाकल्यासारखी एखाद्याच विनंतीला होते. त्यामुळे तुमच्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर सेशन तासन् तास टिकतं आणि गर्दीच्या सर्व्हरवर अर्ध्या तासात जातं. स्वस्त होस्टिंगवर अनेक साइट्सच्या सेशन फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील तर ज्या साइटने सर्वांत कमी वेळ ठेवलाय तिची सफाई तुमच्याही फाइली घेऊन जाते. तसंच, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडलेलं पान आणि त्याशिवाय उघडलेलं पान यांच्या कुकी वेगळ्या असतात. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये एक आणि लिंकमध्ये दुसरं लिहिलंत तर नवं, रिकामं सेशन मिळतं.

आणि तुमच्या अर्जाला पुढे ऑनलाइन फी जोडणार असाल तर हे आत्ताच वाचून ठेवा. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, कुकीवर सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना ती बरोबर पाठवायची की नाही, ही सूचना) काय ते लिहिलेलं नसेल तर ती 'लॅक्स' धरायला सुरुवात झाली. म्हणजे दुसऱ्या साइटवरून पोस्टने तुमच्याकडे कोणी आलं तर तुमची कुकी बरोबर येत नाही. अनेक पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवा, पैसे भरून झाल्यावर नेमके पोस्टनेच परत पाठवतात. माणूस परत येतो आणि आपल्या पानाला तो अनोळखी वाटतो. हे पकडायला आम्हाला फार वेळ लागला, कारण क्रोमने नव्या कुकीला पहिली दोन मिनिटं सूट दिली होती. आम्ही तपासताना लॉगिन करून पटापट पैसे भरायचो, तेव्हा सगळं चालायचं. खरा पालक कार्ड शोधतो, ओटीपीची वाट बघतो, त्याची दोन मिनिटं केव्हाच उलटलेली असतात. त्यांचे पैसे कापले जायचे आणि समोर 'कृपया लॉगिन करा' यायचं. फोनवरचे ते आवाज माझ्या अजून लक्षात आहेत. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला तेवढेच पैसे होते, त्याला 'सेशन गेलं' हे काय समजावणार? उपाय तोच वरचा: परत येणाऱ्या माणसाला सेशनवरून ओळखायचं नाही, गेटवेला दिलेल्या ऑर्डर क्रमांकावरून अर्जाची ओळ शोधायची आणि गेटवेची सही तपासून ती 'भरली' करायची. अर्जाची माहिती अर्जाच्या ओळीत असेल तर कुकी आली काय, न आली काय, पैशाचा हिशेब चुकत नाही.

माझं सगळं उत्तर कशावर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. तुमचा अर्ज फक्त प्रोजेक्टपुरता असेल, लॉगिन नसेल, डेटाबेस अजून शिकवलेलाच नसेल, तर सेशन वापरा. पण तेव्हाही माहिती थेट सेशनमध्ये न टाकता पहिल्या पानावर टोकन तयार करा आणि सेशनमध्ये 'अर्ज' या ॲरेत त्या टोकनाखाली ठेवा. टॅबचा घोळ तेवढ्यानेही टळतो, आणि पुढे डेटाबेस शिकलात की फक्त साठवायची जागा बदलते, बाकी कोड तसाच राहतो.

त्याही आधी एक विचार करा: तीन पानं खरंच हवीत का? पंधरा रकाने असतील तर एकाच पानावर तीन भाग करून थोड्या जावास्क्रिप्टने एकेक दाखवा. पाठवायचा प्रश्नच उरणार नाही. गावाकडच्या मोबाइलवर नेटवर्क मधूनच जातं आणि चाळीस रकाने भरून शेवटी सगळं हरवतं, अशी शक्यता असेल तर मात्र पानं वेगळी ठेवून प्रत्येक टप्प्यावर साठवणंच बरं. हा निर्णय तुमचा अर्ज कोण, कुठे बसून भरणार यावरून घ्या.

शेवटचं कोडमधलं. प्रत्येक पानावर माहिती साठवून झाली की त्याच विनंतीत पुढचं पान छापू नका. लोकेशन हेडर देऊन पुढच्या पानावर पाठवा आणि त्याच्या लगेच खाली एक्झिट लिहा, नाहीतर उरलेली स्क्रिप्ट चालूच राहते. असं केलं की माणसाने रिफ्रेश केलं किंवा मागे गेला तरी फॉर्म दुसऱ्यांदा पाठवला जात नाही, एकाच मुलीचे दोन अर्ज होत नाहीत. डेटाबेसमध्ये लिहिताना पीडीओचं (पीएचपीच्या डेटाबेसशी बोलायच्या साधनाचं) प्रिपेअर वापरा, व्हॅल्यू जोडून क्वेरी तयार करू नका. आणि पोस्टमधून काही वाचताना तो रकाना आलाय का हे आधी पाहा. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर त्यासाठीच आहे. तुमच्या तिसऱ्या पानावर नाव नुसतं रिकामं आलं आणि सूचना दिसली नाही, याचा अर्थ एरर दाखवणं बंद आहे. शिकत असताना ते चालू ठेवा, तुमची चूक तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसली असती.

हे सगळं करून झालं की अर्ज असा तपासा. एका टॅबमध्ये एक नाव भरून पहिलं पान पुढे ढकला. दुसऱ्या टॅबमध्ये दुसरं नाव भरून अर्ज शेवटपर्यंत दाखल करा. जेवून या, अर्धा तास जाऊ द्या. मग पहिल्या टॅबवर परत येऊन उरलेलं भरा, पत्त्यात घराचं नाव अवतरणात लिहा, आणि तिसऱ्या पानावर काय दिसतं ते बघा. लॉगिन असेल तर पुन्हा लॉगिन करावं लागेल, ते चालेल. पण नाव पहिलंच दिसलं पाहिजे आणि पत्ता पूर्ण. काही अडलं तर तिसऱ्या पानाचा कोड आणि दिसणारी सूचना जशीच्या तशी टाका, मी बघते.